साचा कोणाच्या हाती?

धाराशिव जिल्ह्यातलं तेरणेकाठचं तेर म्हणजे सातवाहनकाळातलं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला, दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. या पेठेची कारागिरी आज गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळते. तिथल्या भाजक्या मातीच्या मूर्तींपाशी जरा थांबावं.

तेरच्या बऱ्याच मूर्ती दुहेरी साच्यातल्या. एका साच्यात पुढची बाजू, दुसऱ्यात पाठ. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, अर्धुकं जोडायची, सांधा पुसून भाजायचं. आतून पोकळ राहिल्याने मूर्ती हलकी होते आणि भट्टीत तडकण्याचं भय कमी होतं. हे तंत्र रोमन व्यापाराबरोबर आलं, असं अनेक अभ्यासक मानतात.

तेर हे संत गोरोबाकाका कुंभारांचंही गाव. चाकावर बसलेला कुंभार मडक्याचा घाट स्वतः ठरवतो आणि स्वतःच उतरवतो. साच्याने ही दोन कामं वेगळी केली. ज्याने मूळ मूर्ती घडवली, त्याची कल्पना प्रत्येक प्रतीत उतरते. माती दाबणाऱ्याला मात्र ओठांवरचं हसू रेसभरही वाढवता येत नाही. फार तर सांधा पुसताना एखादी रेघ तो उजळेल.

कार्टूनपटातही हीच वाटणी आहे. मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात 1956 साली डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. कार्टूनपटकार राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. सेकंदाला बारा चित्रं धरली, तरी दहा मिनिटांच्या पटाला 7,200 चित्रं लागतात. एकट्याच्या हातून ती होणं कठीण. म्हणून मुख्य चित्रकार हालचालीची ठळक चित्रं काढतो आणि मधली ‘इनबिटवीनर’ भरतो. त्याची रेघ जितकी परक्यासारखी, म्हणजे मुख्य चित्रकारासारखी, तितका तो चांगला कामगार.

दुसऱ्याची रेघ तशीच उतरवायच्या या शिस्तीवाचून ना मूर्तींची पेठ भरते, ना पात्र पडद्यावर चालतं. शिस्तीला दोष देऊन उपयोग नाही. पण माती दाबणारा पुढे कधी साचा घडवू शकतो का, मधली चित्रं भरणाऱ्याला स्वतःचं पात्र रचायला मिळतं का, हे विचारायला हवं. जिथे ती वाट खुली असते तिथे शिस्त म्हणजे उमेदवारी. जिथे बंद असते तिथे नुसती हमाली.