मुलाचे नाव मिलिंद ठेवताना

गेल्या महिन्यात एका घरी नामकरण विधीला गेलो होतो. त्रिशरण, पंचशील झाले. बौद्धाचार्यांनी दोन शब्द सांगितले आणि आत्याने बाळाला मांडीवर घेऊन नाव पुकारले - मिलिंद! नाव बाळाच्या आजोबांनी सुचवलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एका तरुण पाहुण्याने खिशातून मोबाईल काढला, नाव शोधले आणि मोठ्याने वाचून दाखवले, "मिलिंद म्हणजे भुंगा." हशा पिकला. मग सूचना सुरू झाल्या. रेयांश ठेवा, अयांश ठेवा, विहान ठेवा. मिलिंद हे काय, ते तर काकांच्या पिढीचे नाव! बाळाचा बाप ओशाळला. आजोबा काहीच बोलले नाहीत. मीही तिथे गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे.

मोबाईल खोटे बोलला नाही. संस्कृत काव्यात भ्रमराला मिलिंद म्हणतात. शब्दकोशात तसे आहे आणि बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तकांत तेवढेच आहे. मराठी मुलखाबाहेर हे नाव तुरळकच आढळते. पण आपल्या घरात हे नाव फुलावरून उडत आले नाही. ते आले एका परदेशी राजाकडून, एका पाली ग्रंथातून आणि बाबासाहेबांच्या हातून. हा प्रवास नावांच्या पुस्तकात छापलेला नसतो.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर मिनँडर नावाचा ग्रीक राजा राज्य करीत होता. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, असे मानले जाते. त्याची नाणी आजही सापडतात. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. पाली भाषेने या मिनँडरचा मिलिंद केला. हा राजा वादविवादात कोणाला ऐकत नसे. त्याच्या प्रश्नांना कंटाळून बारा वर्षे सागल नगरीत एकही श्रमण-ब्राह्मण पंडित फिरकला नाही, असे 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ सांगतो. मग भदन्त नागसेन आले आणि राजाला तोडीस तोड माणूस भेटला.

नागसेनांनी या राजाला एक अट घातली होती. पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर बोलतो, राजांसारखी करणार असाल तर नाही. फरक काय, असे राजाने विचारले. पंडितांच्या चर्चेत चूक दाखवली जाते, ती मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र आपले न मानणाऱ्याला दंड करतो. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली. सिंहासनावरच्या माणसाने एका भिक्खूसमोर ही अट मान्य करावी, ही गोष्ट आजच्या सत्ताधाऱ्यांनाही वाचायला द्यावी अशी आहे. (ते वाचतील असे नाही!)

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. निजामी राजवटीतून नुकताच सुटलेला तो मराठवाडा. तिथे शिकायला येणारी आपली पोरे म्हणजे घराण्यातली पहिलीच अक्षरओळख. कॉलेजला नाव देण्यासाठी देवांची, राजे-महाराजांची, देणगीदार शेठजींची नावे काय कमी होती? बाबासाहेबांनी निवडले मिलिंदाचे. परिसराचे नाव झाले नागसेनवन. म्हणजे विद्यार्थी प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाच्या कॉलेजात शिकणार आणि उत्तर देणाऱ्याच्या नावाच्या वनात राहणार. त्याआधी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले होते. ही दोन्ही कॉलेजे १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आधीची आहेत. बाबासाहेबांनी बुद्धाकडे जाण्याची वाट आधी शिक्षणसंस्थांच्या पाट्यांवर लिहून ठेवली होती. याच मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच हवेत वाढले.

दीक्षेनंतर आपल्या वस्त्यांत नावांचा पाऊस पडला. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद. मुलींमध्ये सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा. त्याआधी आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी काय नावे होती? दगडू, धोंडू, कचरू, केरू, उकिरडा. मूल जगत नाही, नजर लागू नये, म्हणून अशी नावे ठेवत, आणि ती इतर जातींतही ठेवत, हे मान्य केले पाहिजे. पण दुसऱ्याच्या दगडूला गाव पुढे दगडूशेठ किंवा दगडूपंत म्हणे, आपल्या दगडूचा मरेपर्यंत दगड्याच राही. दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. 'बलुतं' मध्ये हा दगडूच दयाला आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाची दोन नावे, आणि दोघांमध्ये अख्खी वर्णव्यवस्था उभी!

हे काही आपोआप घडलेले नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, ३१ आणि ३२ व्या श्लोकांत, बारशाचा कायदाच दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे किळस वाटावी असे. नावाचा दुसरा भागही ठरवून दिलेला; शूद्राच्या वाट्याला दास्य. पाळण्यातल्या पोराला हाक मारली की त्याची पायरी कळली पाहिजे, असा हा बंदोबस्त. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी जे जाळले त्यात हे दोन श्लोकही होते.

आता मिलिंदाकडे परत या. राजाने नागसेनांना विचारलेला पहिला प्रश्न कोणता होता? आपले नाव काय! नागसेन म्हणाले, मला नागसेन म्हणतात खरे; आईबाप शूरसेन, वीरसेन अशीही नावे ठेवतात; पण ही केवळ व्यवहारासाठीची संज्ञा आहे, या नावाआड कायमचा असा कोणी नाही. राजा चक्रावला. मग शील पाळतो कोण, जेवतो कोण? नागसेनांनी उलट विचारले, महाराज, आपण इथे रथातून आलात ना? मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजाला नाही म्हणावे लागले. हे सारे एकत्र आले की रथ म्हणायचे, एवढेच. माणसाचेही तसेच.

म्हणजे नावाबद्दल या देशात दोन मते होती. मनूचे मत, नाव ही जन्माची मोहोर. नागसेनांचे मत, नाव ही हाक मारण्याची सोय. मिलिंद हे नाव ज्या संवादातून आपल्यापर्यंत आले, त्या संवादाची सुरुवातच मनूच्या कल्पनेला छेद देणाऱ्या उत्तराने होते.

यावर कोणी विचारील, नाव नुसती सोय असेल तर नामांतरासाठी माणसे का मेली? प्रश्न रास्त आहे, मिलिंदाला शोभेल असा आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. १९९३ साली गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्यांनी घरे जाळली त्यांच्या दृष्टीने नाव ही सोय नव्हती. पदवीच्या कागदावर महाराचे नाव नको, हा मनूचाच हिशेब होता. आपली माणसे त्या हिशेबाशी लढली. नाव सर्वांसाठी खरोखर सोयच असते, तर ठरावाच्या दुसऱ्या दिवशी पाटी बदलून लोक कामाला लागले असते.

मिलिंद या नावाची एक गंमतही आहे. ते एकट्या आपले राहिले नाही. मिलिंद सोमण आहेत, मिलिंद गुणाजी आहेत, मिलिंद देवरा आहेत आणि प्रल्हाद शिंदे यांच्या घरातले मिलिंद शिंदेही आहेत. नुसत्या हाकेवरून कोण कुठला ते कळत नाही. म्हणून तर नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याच्या खोलीच्या दारात, पहिले नाव ऐकल्यावर समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "पूर्ण नाव?" मिलिंदपाशी त्याला हवे ते सापडलेले नसते, म्हणून आडनावाची चौकशी. आडनावावरूनही कळले नाही तर गाव कोणते. हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

रेयांश-अयांशवाल्या तरुण बापांवर माझा राग नाही. मुलाला असा प्रश्न विचारला जाऊ नये, त्याचे नाव शाळेच्या हजेरीपटात इतरांच्या नावांत मिसळून जावे, असे त्यांना वाटते. हे वाटण्यामागे काय सोसलेले असते ते मला ठाऊक आहे. पण मिलिंदही त्याच हजेरीपटात सहज मिसळतो, आणि वर सांगायला एक गोष्ट घेऊन येतो. रेयांशचा अर्थ विचारला तर पुन्हा मोबाईलच काढावा लागतो.

परवा त्या बाळाच्या बापाचा फोन आला. नाव बदलायचे नाही असे घरात ठरले, म्हणाला. पण आजोबांनी त्याला बजावले आहे, पोरगा शाळेत जाऊन नावाचा अर्थ विचारील तेव्हा तुला भुंग्याच्या पुढे सांगता आले पाहिजे. मराठीत 'मिलिंद प्रश्न' कुठे मिळेल, असे तो विचारत होता. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर ये, म्हटले, शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर शोधू. येताना पोराला घेऊन येतो म्हणाला. एवढ्या गर्दीत तान्हे मूल आणू नकोस असे मी सांगितले आहे. तो ऐकेल असे वाटत नाही.