प्रतिकृती स्पोर्ट्स मोटारींतील आसनव्यवस्था

जुन्या, नावाजलेल्या स्पोर्ट्स मोटारींच्या धर्तीवर नव्याने बांधलेल्या गाड्यांना प्रतिकृती मोटारी म्हणतात. मूळ गाडीचा आकार व प्रमाणे जपल्यामुळे या गाड्यांत पायांसाठी मिळणारी जागाही बहुधा मूळ गाडीइतकीच अपुरी असते.

महाराष्ट्रातील उदाहरण

रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या कंपनीने बांधलेली 'रोडस्टर १.८ एस' ही दोन आसनांची उघडी गाडी लोटस सेव्हन या ब्रिटिश मोटारीच्या धर्तीवर आहे. तिचे बाह्यांग फायबरग्लासचे असून तीत इसुझू बनावटीचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन आहे. मूळ लोटस सेव्हन कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली बाजारात आणली. कमीत कमी वजन हे तिच्या रचनेचे मुख्य सूत्र होते.

अपुऱ्या जागेची कारणे

या रचनेत वजनाचा तोल साधण्यासाठी इंजिन बरेच मागे सरकवलेले असते. त्यामुळे गिअरबॉक्स दोन आसनांमधील उंचवट्यात येतो आणि पायांकडील भाग अरुंद होतो. चालक मागच्या चाकांच्या लगेच पुढे, जमिनीलगत, पाय लांब करून बसतो. पाठीमागे जागाच नसल्याने आसन फारसे मागे सरकवता येत नाही.

परिणाम

उंच चालकाचे गुडघे व मांड्या स्टिअरिंगला टेकतात. क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर यांची पेडले जवळजवळ असल्याने रुंद बुटांमुळे दोन पेडले एकदम दाबली जाण्याचा धोका संभवतो. म्हणून अनेक चालक अरुंद, पातळ तळाचे बूट वापरतात. इंजिनाची उष्णता पायांपर्यंत पोहोचत असल्याने उन्हाळ्यात त्रास वाढतो.

उपाय

पातळ गादी किंवा साच्यात घडवलेले आसन, बैठकीखालचा तळ खाली घेणे, लहान व्यासाचे स्टिअरिंग आणि पुढेमागे करता येणारी पेडले हे प्रचलित उपाय आहेत. लोटस सेव्हनच्या निर्मितीचे हक्क १९७३ साली मिळालेल्या इंग्लंडमधील केटरहॅम कंपनीने पुढे 'एसव्ही' हा सुमारे ११ सेंटिमीटर अधिक रुंद सांगाडाही उपलब्ध केला. मात्र सांगाडा वाढवल्यास मूळ गाडीची प्रमाणे व हलकेपणा काही अंशी कमी होतो.

केवळ उंचीवरून गाडीची सोय ठरवता येत नाही. सारख्या उंचीच्या दोन व्यक्तींत पाय व धड यांची लांबी वेगळी असू शकते. त्यामुळे नेहमीचे बूट घालून प्रत्यक्ष आसनावर बसून पाहणे व तिन्ही पेडले पूर्ण दाबून पाहणे, हीच खात्रीची चाचणी ठरते.