निम्म्याहून थोडे अधिक संरक्षण
पुण्याच्या ईशान्येस, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथील केईएम रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र हे रोटाव्हॅक या भारतीय लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे दिल्ली व वेल्लोर यांच्यासह एक केंद्र होते. २०११ पासून नोंदवलेल्या ६,७९९ अर्भकांची विभागणी यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, करण्यात आली. दर तिघांपैकी दोघांना लस व एकाला प्लासिबो, अर्थात लशीचा घटक नसलेले तसेच द्रावण, देण्यात आले, आणि कोणाला काय मिळाले हे पालकांस वा डॉक्टरांस ठाऊक नव्हते. रोटाविषाणूजन्य तीव्र जुलाबांपासून पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाले. आकडा तोकडा वाटतो खरा. मात्र हजारो बालके या आजाराने दगावणाऱ्या देशात २०१६ मध्ये लशीला राष्ट्रीय लसीकरणात स्थान मिळण्यास तो पुरेसा ठरला.