सोयाबीनवरचा चक्रभुंगा : सुकलेलं एक पान काय सांगतं?

वाशीम जिल्ह्यात खरीप म्हटलं की सोयाबीन. जुलै-ऑगस्टमध्ये हिरव्यागार शेतात एखादं पान किंवा शेंडा अचानक मान टाकतो. जमिनीत ओल आहे, शेजारची झाडं टवटवीत आहेत. मग हेच का सुकलं? अनेकदा त्यामागे चक्रभुंगा असतो.

ओळखायचा कसा?
हा भुंगा जेमतेम ७ ते १० मिलिमीटर लांब असतो. रंग तपकिरी, पंखांचा खालचा भाग काळसर आणि मिशा शरीराइतक्या लांब. पण भुंग्यापेक्षा त्याची खूण शोधणं सोपं. मादी देठावर, फांदीवर किंवा खोडावर एकमेकांना समांतर अशा दोन गोल खाचा पाडते आणि त्यांच्या मधल्या भागात अंडी घालते. खाचांमुळे अन्नपाणी तुटतं आणि वरचा भाग सुकतो.

खरं नुकसान कुठे?
अंड्यातून निघालेली अळी देठातून खोडात शिरते आणि आतून पोखरत खाली जाते. बाहेरून झाड बरं दिसतं, पण शेंगा कमी लागतात, दाणे नीट भरत नाहीत. पूर्ण वाढलेली अळी जमिनीपासून साधारण १५ ते २५ सेंटिमीटरवर खोड आतून कापते. काढणीच्या तोंडावर झाडं मोडून पडतात.

मग करायचं काय?
अळी एकदा खोडात गेली की फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

• आठवड्यातून एकदा तरी शेतात फिरून सुकलेली पानं पाहा.
• खाचा दिसल्यास तो भाग खाचेच्या खालून तोडून नष्ट करा. बांधावर टाकू नका.
• सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करा.
• मीटरभर ओळीत ३ ते ५ झाडं बाधित दिसली, तर क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, १० लिटर पाण्यात ३ मिली या प्रमाणात फवारता येतं. आधी कृषी सहायकाचा सल्ला घ्या. हातमोजे आणि मास्क वापरा.

पुढच्या हंगामासाठी
खोडात दडलेली अळी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरते. त्यामुळे पिकाचे अवशेष नष्ट करा, उन्हाळी नांगरट करा. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको आणि पेरणी फार दाटही नको.

फवारणीच्या खर्चाआधी शेतातली एक चक्कर. चक्रभुंग्यावर सगळ्यात स्वस्त उपाय तोच.