आठ किलोमीटरच्या वर्तुळातलं घर

लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायदेशी परतण्यासाठी मुंबईत बोटीची वाट पाहत थांबले होते. तिथे त्यांची गांधीजींशी गाठ पडली. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आत मिळायला हवं, असं गांधीजी म्हणाल्याचं बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. यवतमाळ जिल्ह्यातलं एखादं गाव घ्यावं, त्याच्याभोवती नकाशावर एवढं वर्तुळ काढावं आणि आत काय सापडतं ते पाहावं. जुनं घर दुरुस्त करायला निघालेल्या वास्तुविशारदाने कामाला इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण या वर्तुळात जे सापडतं ते थक्क करणारं आहे.

मातीचंच बघा. यवतमाळची काळी जमीन कापसासाठी नावाजलेली. पण त्याच काळीची भिंत बांधायला कुणी जुना गवंडी तयार होणार नाही. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याची पानं इतकी पातळ, की एका ग्रॅममधली सगळी पानं सुटी करून अंथरली तर सातशे-आठशे चौरस मीटर जागा व्यापतील. पाऊस पडला की पाणी या पानांमध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला हे मानवतं, भिंतीला मुळीच नाही. म्हणून घरासाठी आणली जाते ती पांढरी, म्हणजे गावठाणाची माती. शेकडो वर्षं लोक राहिले, चुली पेटल्या, राख पडली, शेण मुरलं, जुन्या भिंती पडून पुन्हा मातीत मिसळल्या, आणि त्यातून अशी माती तयार झाली की जी कमी फुगते, कमी आकसते. विदर्भातल्या कितीतरी गावांच्या गढ्या लोकांनी याच मातीसाठी कोरून नेल्या. पाच-सहा पिढ्यांपूर्वी कुणाच्या तरी घराची भिंत असलेली माती आज दुसऱ्याच्या भिंतीत उभी असते. बांधकामाचं सामान याहून जास्त वेळा वापरता येतं का, मला शंका आहे.

अशी दीड हात जाडीची भिंत उन्हाळ्यात काय करते ते मे महिन्यात तिला हात लावून कळतं. बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात असतो. दुपारचं ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागतं, पण ती धग आतल्या अंगाला पोचेपर्यंत कितीतरी तास जातात. तोवर रात्र झालेली असते आणि घरातली माणसं अंगणात खाटा टाकून झोपलेली असतात. घराचं वेळापत्रक आणि माणसाचं वेळापत्रक असं एकमेकांत बसवलेलं आहे. घरावर टिन टाकलं की ते कोलमडतं, कारण टिनाला उशीर करणं जमत नाही.

दुरुस्तीला आलेल्या घराची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: खालून भिंत पोपडते, ओल चढते. आणि त्यावरचा इलाजही सगळीकडे एकच: सिमेंटचा गिलावा. इथे थांबायला हवं. मातीची भिंत जमिनीतली ओल थोडी शोषते आणि दोन्ही अंगांनी हवेत सोडून देते. शेणामातीचं सारवण या येण्याजाण्याला अडवत नाही. सिमेंट अडवतं. ओल आत कोंडते, माती आतून मऊ पडत जाते, आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर गिलाव्याचा पापुद्रा मागची माती घेऊन सुटतो. घरधनी म्हणतो, मातीच्या घराचा काही भरवसा नाही. भरवसा न राहण्याचं कारण मात्र बाहेरून लावलेलं असतं. म्हणून वास्तुविशारदाने फुटपट्टी काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावं, की पावसाळ्यात पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कोणती भिंत पोळ्याला सारवली तरी दिवाळीपर्यंत टिकत नाही. तिच्याइतकं त्या भिंतीचं बारकाईने निरीक्षण दुसऱ्या कुणी केलेलं नसतं. तिने प्रत्येक वीत हाताने सारवलेली आहे. बरेचदा दुरुस्ती भिंतीत नसतेच. पागोळ्यांचं पाणी पायापासून दूर नेणारी नाली खणली की अर्धं दुखणं जातं.

आणि गिलावाच हवा असेल तर वणीकडच्या गावांच्या वर्तुळात चुना आहे. त्या परिसरात निसर्गाने चुनखडी आणि कोळसा शेजारीशेजारी ठेवले आहेत. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या लागल्या त्या यामुळेच. भट्टीत जे घडतं ते लहान मुलाला सांगितलं तर खोटं वाटेल. १०० किलो शुद्ध चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की ४४ किलो दगड वायू होऊन उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की आग नसताना तो रटरट उकळतो. विरवलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीवर चढवला, की पुढची कित्येक वर्षं तो हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेत राहतो. भट्टीत जे गमावलं ते भिंतीवर भरून काढतो आणि पुन्हा चुनखडी होतो. बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्या तड्यात जाऊन बसतो आणि तडा बुजतो. शिवाय तो ओलीला वाट देतो. मातीच्या भिंतीशी त्याचं पटतं.

छपराची गोष्ट एवढी सरळ नाही. कवेलूचं छप्पर गार असतं, देखणं असतं, पण दर उन्हाळ्यात कवेलू फेरावं लागतं आणि वानरांची टोळी एका दुपारी वर्षभराची मेहनत मोडते. लोक टिनाकडे वळले ते हौसेने वळले नाहीत. शहरातून आलेल्या वास्तुविशारदाने कवेलूचं गुणगान करण्याआधी हे समजून घेतलं पाहिजे. शेजारच्या वर्ध्यात देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली सुरू केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने यावर एक सुंदर तोड काढली. कुंभाराने चाकावर फिरवलेली, एका टोकाला निमुळती अशी पोकळ नळी. एकीचं तोंड दुसरीत बसवत गेलं की नळ्यांची कमान तयार होते आणि लाकडाशिवाय छप्पर उभं राहतं. वरून गिलावा होतो, त्यामुळे वानराच्या हाती सुटं कवेलू लागत नाही. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की या छपरासाठी नवा कारागीर घडवावा लागला नाही. मडकं करणाऱ्या हाताला मडक्याच्याच कामात एक वेगळा आकार दिला.

बाहेरचा माणूस आणि गावचा कारागीर यांच्या अशा सहकार्याचा एक जुना, ओळखीचा नमुनाही वर्ध्याजवळच आहे. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावला आले. हेच गाव पुढे सेवाग्राम झालं. तिथलं आदिनिवास मीराबेन यांच्या देखरेखीखाली उभं राहिलं. आज जिला बापू कुटी म्हणतात ती आधी मीराबेन यांचीच झोपडी होती. इंग्रज ॲडमिरलची ही मुलगी माती, बांबू आणि कवेलू यांचं घर गावातल्या माणसांकडून शिकली. स्वतःची भर म्हणून तिने भिंतीवर मातीतच ताडाची झाडं आणि ओंकार उठवले. बांधकामाची रीत गावाची, बोटांचे ठसे तिचे. कुटीची डागडुजी आजही माती आणि शेण यांनीच होते.

पण वर्तुळात सगळंच सापडतं असं मानणं घातक ठरू शकतं, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिलं. अनंत चतुर्दशीची रात्र संपत होती. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. भिंती दोन पदरी दगडांच्या होत्या, मधे माती आणि चुरीची भर, आणि दोन पदरांना एकत्र धरणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच एक पदर आत फुगला, एक बाहेर. वर धाब्याच्या मातीचं ओझं होतं, दर पावसाळ्याआधी थोडं थोडं वाढलेलं. तरीही एक गोष्ट लक्षात आली. जिथे सागवानी खांब आणि तुळयांचा खण शाबूत होता, तिथे भिंती ढासळूनही छप्पर अनेक ठिकाणी वरच राहिलं. लाकडाचं टोक खाचेत बसवणाऱ्या कुसू आणि साल यांच्या सांध्यात थोडी लवचीकता असते. खांब तळखड्यावर हलतो, डोलतो, पण लगेच पडत नाही. दगडाने दगा दिला, लाकडाने साथ दिली.

भूकंपानंतर अभियंता राजेंद्र देसाई आणि वास्तुविशारद रूपल देसाई यांनी तिथल्या गावांमध्ये तगून उभी राहिलेली घरं सुरक्षित करण्याचं काम हाती घेतलं. घर पाडून नवं बांधण्याऐवजी आहे त्या भिंतीला टाके घालायचे. पद्धत अशी: घण न मारता, सळईने हलके हलके हलवत भिंतीतले दगड सोडवायचे आणि आरपार भोक पाडायचं, दोन्ही तोंडांना रुंद, मधे निमुळतं, डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. उभं-आडवं साधारण मीटरभर अंतरावर असे टाके पडले की दोन पदरांची भिंत एक होते. शिवाय धाब्यावरची जास्तीची माती उतरवायची आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरका ठोकळा बसवायचा. हे सगळं गावचा गवंडी आणि गावचा सुतार करू शकतो. आठ किलोमीटरच्या वर्तुळाबाहेरून येतं ते फक्त थोडं सिमेंट आणि छोट्या छोट्या सळया. हजारो किलो दगडमातीला थोडंसं लोखंड सांभाळतं, यापेक्षा सुरेख हिशोब मी बांधकामात पाहिलेला नाही.

याच्या उलट टोकाला कोलाम आदिवासींचं घर. केळापूर, मारेगाव, झरीजामणीकडच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, बांबूच्या किंवा काड्यांच्या कुडाला दोन्ही अंगांनी माती लिंपलेली असते. भिंत इतकी हलकी आणि वाकती की हादऱ्यात ती डोलेल, फार तर मातीचे पोपडे गळतील. जिला सगळे ‘कच्ची’ म्हणतात ती भिंत भूकंपात पक्क्या दगडी भिंतीपेक्षा भरवशाची. तिला वैरी दुसरे: वाळवी, पाणी आणि आग. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून कोलामांना घरकुलं मिळू लागली आहेत आणि ती मिळायलाच हवीत. गळकं घर हा कुणाचा वारसा नव्हे. पण घरकुलाच्या दगडी जोत्यावर कुडाची पडवी काढता येते, छपराखाली बांबूची ताटी घालता येते. हे त्या पोडावरच्या माणसाला कुणी विचारलं तर तो स्वतःच सांगेल, आणि करूनही दाखवेल.

हिंगोली परिसरात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते पैनगंगा ओलांडून उमरखेड-पुसद भागातही जाणवले. त्या बाजूला दोन पदरी भिंतींची, धाब्याची जुनी घरं अजून नांदती आहेत. तिथल्या गवंड्यांना डमरूच्या आकाराचं भोक पाडायला एका भिंतीवर शिकवता येतं. दिवाळीनंतर कापूस घरात येतो, भिंती कोरड्या होतात आणि दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. सळई तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळते.