तिसऱ्या दिवसाची भेट

पुण्यात माझी भाची सातव्या महिन्यात होती तेव्हा दर शनिवारी गरोदर मातांच्या वर्गाला जायची. श्वास कसा घ्यायचा, मोठ्या चेंडूवर कसं बसायचं, दवाखान्याच्या पिशवीत काय काय भरायचं, हे सगळं तिथे नीट शिकवत. एका शनिवारी घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “आत्या, वर्गात आम्ही अकरा जणी आहोत आणि अकराही पहिलटकरणी. शिकवणाऱ्या ताईंचं तर लग्नही व्हायचंय. तू सांग ना, तुला कसं झालं होतं?”

मी सांगायला बसले आणि सांगण्यासारखं काही हाती लागेना. सत्तावीस वर्षं झाली. लोखंडी खाट आठवली. समोरच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, ते बंद पडलेलं होतं. आणि एक आवाज आठवला, “ओरडू नका, बाकीच्या पण आहेत इथे.” आई रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होती, तिला आत येऊ दिलं नव्हतं. बाकी सगळं पुसून गेलेलं. भाची वाट बघत होती आणि मी म्हणाले, “होतं गं सगळं नीट.” हेच मला माझ्या आईने सांगितलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अकोले तालुक्यात माझी एक मैत्रीण परिचारिका आहे. फोनवर तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्याकडे ये. आमची एक आशा कार्यकर्ती आहे, ती पोटुशी बाईला बरोबर घेऊन बाळंतिणीच्या घरी जाते. तिसऱ्या दिवशी.”

तिसऱ्या दिवशी का, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

श्रावण नुकताच लागला होता. आवणी उरकत आली होती, खाचरांतून पाणी वाहत होतं आणि डोंगर ढगांत होते. आशाताई अंगणवाडीच्या ओट्यावर पिशवी तपासत होत्या. वजनकाटा, त्याची कापडी झोळी, थर्मामीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ, साबण, वही. शेजारी एक विशीतली मुलगी उभी होती, आठवा संपत आलेला, प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घेतलेला. तिचं माहेर लांब, सासू नाही. घरात बाई माणूस म्हणून ती एकटीच.

आशाने बाळंतिणीकडे जायचं हे सरकारी काम आहे. बाई दवाखान्यात बाळंत झाली असेल तर सहा भेटी असतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून आशांच्या हातून हे काम देशभर गेलं. सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये. पोटुशीला बरोबर नेण्याचा त्यात एक पैसाही नाही. ते आशाताईंनी स्वतःच्या मनाने सुरू केलंय.

“सहा महिन्यांनी विचारलं ना ताई, तर बाई म्हणते, झालं बाई एकदाचं,” त्या चालता चालता म्हणाल्या. “वर्षाने विचारलं तर म्हणते, काही नाही, सोपं असतं. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगात अजून सगळं ताजं असतं. तेव्हाच ऐकून घ्यावं लागतं.”

मला माझं सत्तावीस वर्षांपूर्वीचं बंद घड्याळ आठवलं.

घर वाडीच्या टोकाला. पडवीत बैल, पुढे अंधारं माजघर, आणि दारातच तो वास आला. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग आणि लसणाची सालं निखाऱ्यावर पडली की येतो तो. त्यात खोबरेल तेल आणि दुधाचा आंबूस वास मिसळलेला. मी जागच्या जागी थांबले. माझ्या बाळंतपणानंतर आईच्या घरी मागच्या खोलीत हाच वास होता. बाजल्याखाली शेगडी, वर मी, कुशीत लेक. इतकी वर्षं जे आठवत नव्हतं त्यातलं थोडं त्या वासाबरोबर परत आलं. टाके ओढायचे, लघवीला जायची भीती वाटायची आणि ते कुणाला बोलता यायचं नाही.

आशाताईंनी आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मग शेगडीकडे बघून म्हणाल्या, “मावशी, धुरी बाहेर न्या बरं. बाळाच्या छातीला धूर सोसत नाही.” म्हातारी सासू कुरकुरली, पण शेगडी उचलली. आठव्या महिन्यातली मुलगी उंबऱ्यावरच टेकायला लागली तशी सासूबाई ओरडल्या, “उंबऱ्यावं नको गं, आत ये.” सोयराच्या घरात पोटुशीने यावं की नाही यावर या घरात आधी बरंच बोलणं झालं होतं, असं मैत्रिणीने मला सांगून ठेवलं होतं. पण ती आत आली आणि बाजल्याच्या पायथ्याशी गोणपाटावर बसली.

बाळाचा ताप बघितला, नाळ बघितली, झोळीत घालून वजन केलं, दोन किलो सहाशे. मग श्वास. बाळाच्या पोटावरचं फडकं बाजूला केलं, घड्याळ हातात घेतलं आणि खोली गप्प झाली. पूर्ण एक मिनिट. पोट उचलतंय, पडतंय, मधे थबकतंय, पुन्हा भराभर उचलतंय. आठव्या महिन्यातल्या मुलीचे ओठ हलत होते, तीही मोजत होती. “सेहेचाळीस,” आशाताई म्हणाल्या. “साठ किंवा साठाच्या वर गेलं तर पुन्हा मोजायचं. तरीही तेवढंच आलं तर वाट बघायची नाही, दवाखाना.”

“साठ,” बाळंतीण हसली. “माझं पण साठच व्हतं.”

ती तेवीसेक वर्षांची असेल. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, डोळ्यांखाली काळं, पण चेहऱ्यावर काहीतरी मोठं करून आल्याचं तेज. आशाताई तिच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, “सांग आता हिला. आधी तू बोल, मग मी.” हा त्यांचा नियम. बाई बोलत असताना मधे दुरुस्ती करायची नाही.

मुलीने विचारलं, “दुखतं म्हंजी कसं?”

अकरा पहिलटकरणींच्या वर्गात हा प्रश्न कुणाला विचारणार? बाळंतीण थोडा वेळ वर वाशाकडे बघत राहिली. मग सांगू लागली. आधी पाळीला दुखतं तसं. मग कमरेतून यायला लागलं, दिवसभर वाकून आवणी केल्यावर संध्याकाळी कंबर उचलत नाही ना, तसं, पण एकदम. पुढे येतं, पोट दगडासारखं होतं, आणि उतरतं. “उतरतं बरं का. मधी सुटी असते. मला कुणी सांगितलंच नव्हतं मधी सुटी असते. मला वाटलं एकदा चालू झालं की बाळ येईस्तोवर तसंच.” पहिल्या दोन तासांत ती घाबरून अंग आखडून बसली होती, सुटीतही. मग मोठी जाऊ आली आणि तिने कानात सांगितलं, साठ मोज. चढायला लागली की एकपासून सुरू कर, तीसपर्यंत ती चढते, मग उतरते, साठाला सुटते. “मी मोजलं. रात्रभर मोजलं. कितीदा साठ मोजलं त्याला गणती न्हाई. पण तीस आलं की मला कळायचं, आता उतारच हाये.”

माझी परिचारिका मैत्रीण पुस्तकात चाळीस ते साठ सेकंद शिकली आहे. तेच ज्ञान. पण तिच्या पुस्तकात तीसला उतार लागतो हे नाही.

मोठी जाऊ दारात उभी होती. तिला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, “माझ्या बहिनीनं.” आणि मग तीही बोलू लागली, उत्साहाने, आणि इथे मला भीती वाटली. “शेवटच्या महिन्यात जेवण कमी करायचं. बाळ मोठं झालं तर अडतं.” “पहिलं दूध चिकट असतं, ते पिळून टाकायचं, माझ्या थोरल्याचं टाकलं व्हतं.” अनुभवाच्या नावाखाली हेही पुढे जात असतं, आणि ते ज्या बाईच्या तोंडून येतं तिने तीन मुलं वाढवलेली असतात. तिला खोटं कसं म्हणणार?

आशाताईंनी तिला खोटं म्हटलं नाही. तिचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग बाळंतिणीला विचारलं, “तू चीक कधी पाजलास?” “तासाच्या आत. नर्सबाईनीच छातीशी लावलं.” “आणि जेवलीस किती?” “हिच्याहून डबल.” आशाताईंनी वही उघडून वजन दाखवलं. “दोन किलो सहाशे. अडलं का?” जाऊबाई हसल्या. आठव्या महिन्यातली मुलगी हसली नाही, ती वहीतल्या आकड्याकडे बघत होती. दोन वेळ जेवणाऱ्या बाईने एक वेळ जेवायला लागावं असं काहीतरी तिने आधीच सुरू केलेलं असावं, असं मला वाटलं.

झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत ‘एकजुट’ नावाच्या संस्थेने बायकांच्या बैठका घेतल्या होत्या. बैठक चालवणारी गावातलीच एक बाई असायची, आरोग्यसेविका नाही. गोष्टी सांगायच्या, चित्रं दाखवायची, काय बिघडलं आणि काय करता आलं असतं हे बायकांनीच शोधायचं. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, २०१० साली ‘लॅन्सेट’मध्येच आलं. आशाताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “तिथे बाळंतिणीकडे नेतात का पोटुशीला?” मी म्हटलं, बैठकीत एकत्र बसतात. “बैठक वेगळी,” त्या म्हणाल्या. “बैठकीत बाई आपलं चांगलं सांगते. बाजल्यावर पडलेली खरं सांगते.”

खरं सांगणं पुढे आलंच. बाळंतिणीने आवाज खाली आणला. ज्या दवाखान्यात ती गेली तिथे शेवटच्या वेळी जावेला बाहेर काढलं. ती उठून बसायला बघत होती, बसलं की कळ सोसवायची, पण तिला उताणं झोपवलं. ओरडली तेव्हा एक बाई बोलली, ते शब्द ती सांगेना. सासूकडे बघून गप्प झाली. माझे हात गार पडले. सत्तावीस वर्षं झाली आणि तेच चाललंय.

कळांच्या वेळी कायम सोबत माणूस असलेल्या बाईची प्रसूती लवकर होते आणि सिझेरियनची वेळ कमी येते, हे २६ अभ्यासांतल्या १५,००० हून जास्त बायकांच्या नोंदी एकत्र करून दाखवलेलं आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ साली सरकारी दवाखान्यांत बाईबरोबर तिच्या ओळखीची एक स्त्री असू द्यावी असं सांगितलं. कागदावर हे आहे, आणि तरी जाऊ बाहेरच्या बाकावर बसली, जशी माझी आई बसली होती. या गोष्टीत मी तटस्थ राहू शकत नाही.

आशाताई चिडल्या नाहीत, निदान दिसल्या नाहीत. मुलीकडे वळून त्यांनी हळू आवाजात सांगितलं, “तू जाशील तेव्हा मी येईन. नाही जमलं तर हिची जाऊ येईल. आत सोडा म्हणायचं. एकदा नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा म्हणायचं. भांडायचं नाही, पण हलायचं नाही.” जाऊबाईंनी लगेच हो म्हटलं. मग कामाचं बोलणं. रक्त गेलं तर थांबायचं नाही. पाणी गेलं आणि ते हिरवट असेल तर थांबायचं नाही. डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं नाही. वाडीपासून डांबरी रस्ता चाळीस मिनिटं, पावसात जास्त, आणि १०८ ची गाडी डांबरीपर्यंतच येते. म्हणून तारखेच्या आठ दिवस आधी तालुक्याला चुलत्याकडे जाऊन राहायचं. हे सगळं तिने आधीही ऐकलं असणार. पण आता ती बाळंतिणीच्या तोंडाकडे बघत ऐकत होती, आणि बाळंतीण प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

निघताना बाळंतिणीने बाळ मुलीच्या हातात दिलं. तिने आयुष्यात एवढं लहान मूल धरलं नव्हतं, कोपर कुठे ठेवायचं तेही कळेना. जावेने तिचं कोपर धरून बाळाच्या डोक्याखाली सरकवलं. कुणीच काही बोललं नाही. बाहेर पाऊस वाढला होता आणि पडवीत ठेवलेल्या शेगडीतून ओव्याचा धूर अजून येत होता. माझ्या साडीला तो वास पुण्यापर्यंत राहिला.

पुण्यात आल्यावर मी भाचीला जवळ बसवून जे आठवत होतं ते सगळं सांगितलं. बंद घड्याळ, बाहेर बसलेली आई, टाके, लघवीची भीती. थोडंच होतं. उरलेलं त्या बाळंतिणीचं सांगितलं, मधली सुटी, तीसचा उतार, साठ. भाचीने ते फोनमध्ये टिपून घेतलं आणि पुढच्या शनिवारी वर्गात वाचून दाखवलं.

गौरी उठल्या त्या आठवड्यात आशाताईंचा फोन आला. आठव्या महिन्यातली मुलगी बाळंत झाली होती, मुलगी, दोन किलो सातशे. जाऊबाईंना दुसऱ्यांदा म्हटल्यावर आत घेतलं. आशाताई आदल्याच दिवशी तिच्याकडे जाऊन आल्या होत्या, वरच्या वाडीतल्या एका सहा महिन्यांच्या पोटुशीला घेऊन.

मी विचारलं, “मोजलं का तिनं?”

“मोजलं की. पण म्हणाली, शेवटी शेवटी साठाला सुटत नाही. सत्तर होतं, एकदा ऐंशीसुद्धा झालं. म्हणाली, पुढच्या बाईला साठ सांगू नका, नाहीतर साठाला सुटली नाही की ती घाबरेल. आता मी वहीत लिहून ठेवलंय.”