ईसा (अ.) आपलेही, मग शिबिराला का नको?

अमेरिकेत जूनच्या सुरुवातीला शाळांना सुट्टी लागते आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपायचे नाव घेत नाही. आपल्याकडे मे महिन्यात मुले नानीच्या गावी जातात, अंगणात झोपतात, आंब्यांनी हात बरबटवून घेतात. इथे नानी बारा-तेरा हजार किलोमीटरवर रत्नागिरीला आणि आईवडील दोघेही कामावर. या रिकाम्या अडीच महिन्यांवर अमेरिकेने फार पूर्वी एक उपाय शोधला आहे, तो म्हणजे निवासी उन्हाळी शिबिर. सात-आठ वर्षांची मुले आठवडाभर तळ्याकाठच्या लाकडी केबिनमध्ये राहतात, पोहतात, होडी वल्हवतात, धनुष्यबाण चालवतात आणि रात्री शेकोटीभोवती गातात. फोन जवळ ठेवायचा नाही, घरी पत्र लिहायचे. ज्या देशात दहा वर्षांच्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटे सोडत नाहीत, तिथे तेच मूल आठवडाभर अनोळखी लोकांच्या हवाली करतात, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

ओहायोतल्या आमच्या गावात यातली बरीच शिबिरे चर्चची आहेत. हा योगायोग नाही. शिबिराची ही पद्धत रुजवण्यात वायएमसीएचा, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचा, मोठा वाटा आहे. ही संस्था 1844 मध्ये लंडनला निघाली, 1875 मध्ये मुंबईतही आली. तिच्या एका कार्यकर्त्याने 1885 मध्ये न्यूयॉर्क राज्यात मुलांना तळ्यावर नेले. ते शिबिर कॅम्प डडली या नावाने आजही भरते. त्याहून जुना धागा माळरानावरच्या धर्मसभांचा आहे. 1801 च्या ऑगस्टमध्ये केंटकीत केन रिज इथे हजारो माणसे तंबू, बैलगाड्या घेऊन जमली, दिवसरात्र प्रवचने झाली आणि लोकांनी उभे राहून नव्याने धर्म स्वीकारल्याचे जाहीर केले. घरापासून दूर, झाडांखाली, रात्रीच्या वेळी माणसाचे मन मऊ होते, हे त्या प्रवचनकारांना नेमके कळले होते. शेकोटीभोवतीच्या शेवटच्या रात्रीत तो अनुभव अजून शिल्लक आहे.

आमच्या धाकट्याचा, वय वर्षे नऊ, जिवलग मित्र शेजारीच राहतो. दोघे एका वर्गात, एका फुटबॉल संघात. हे कुटुंब चर्चला जाणारे, मनाने उमदे. आमच्याकडे बाळ झाले तेव्हा तीन दिवस जेवण त्यांच्याकडून आले होते आणि डब्यावर चिठ्ठी होती की यात मांस नाही, निर्धास्त खा. गेल्या हिवाळ्यात त्या बाईंनी आम्हाला विचारले, आमचा मुलगा जुलैत आमच्या चर्चच्या शिबिराला जातोय, तुमचाही पाठवता का? दोघांना एकच केबिन मिळेल.

मुलाने तर त्याच रात्री पिशवी भरायला घेतली.

रत्नागिरीहून मोठ्या खालांचा फोन आला, तेव्हा हा विषय निघाला. त्या म्हणाल्या, “अरे, आम्ही सगळ्या बहिणी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. रोज सकाळी प्रार्थनेला उभ्या राहायचो, नाताळात गाणी म्हणायचो. आमची नमाज सुटली का? सिस्टरांनी शिस्त लावली, इंग्रजी शिकवलं. तुम्ही उगाच घाबरता.” कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी मुस्लिम घरांचा हाच अनुभव आहे आणि तो खरा आहे. त्या शाळांचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही.

पण खालांची शाळा आणि हे शिबिर एकाच मापाने मोजता येत नाही. खाला दुपारी घरी येत होत्या. घरी अजान ऐकू यायची, दादी कुरआन पढायला बसवायची, मोहल्ला सगळा आपला. शिवाय भारतात अशा शाळेच्या मागे कायदा उभा आहे. राज्यघटनेच्या कलम 28 च्या तिसऱ्या पोटकलमानुसार सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षण वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. हे कलम आपल्यातल्या फार थोड्या पालकांना माहीत असते, म्हणून इथे मुद्दाम सांगितले. अमेरिकेत चर्चच्या खासगी शिबिराला असे बंधन नाही. धर्म शिकवणे हाच त्यांचा उद्देश आहे, तो ते उघड सांगतात आणि तो त्यांचा हक्क आहे. मूल पाठवायचे की नाही, एवढाच हक्क आपला.

आम्ही शिबिराच्या संचालकांना फोन केला. असा फोन करायला अनेक पालक संकोचतात. आपण संशय घेतोय असे वाटेल म्हणून गप्प राहतात. संकोच करू नये. समोरची माणसे बहुधा प्रामाणिक असतात आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देतात.

खाण्याचा प्रश्न सोपा निघाला. सकाळच्या न्याहारीला बेकन असते, दुपारी कधी हॉट डॉग, कधी पेपरोनी घातलेला पिझ्झा. तिन्हींत डुकराचे मांस असू शकते. ग्रंथधारकांचे अन्न कुरआनने आपल्याला वैध ठरवले आहे (सूरह अल-माइदा), पण डुकराचे मांस कोणाच्याही ताटातले असो, ते हरामच. बाजारातल्या इतर मांसाबद्दल आलिमांत मतभेद आहेत. आम्ही शाकाहार सांगून तो वाद टाळतो. मात्र एका गोष्टीकडे नव्या पालकांचे लक्ष जात नाही. शेकोटीवर काडीला टोचून पांढरा मऊ मार्शमेलो भाजतात आणि चॉकलेटच्या वडीबरोबर दोन बिस्किटांत दाबून खातात. याला ‘स्मोर’ म्हणतात आणि त्याशिवाय इथले शिबिर पुरे होत नाही. मार्शमेलोत जिलेटिन असते आणि अमेरिकेत ते बहुधा डुकराच्या कातडीपासून काढतात. हलाल मार्शमेलो मिळतात, गाईच्या किंवा माशाच्या जिलेटिनचे. एक पाकीट मुलाबरोबर दिले की काम भागते. सगळी मुले स्मोर खात असताना आपले मूल रिकाम्या हाताने बसले, तर ते धर्माला नव्हे, आईबापालाच दोष देईल.

नमाजचेही जमण्यासारखे होते. मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची सवय लावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे, पण ती बालिग होईपर्यंत फर्ज नाही. जुलैत ओहायोत मगरिब रात्री नऊच्या सुमारास होते आणि इशा साडेदहाच्या पुढे, तोवर केबिनमधले दिवे मालवलेले असतात. नऊ वर्षांच्या मुलाकडून आठवडाभर पाचही वेळा अचूक साधल्या जाव्यात, अशी आमची अपेक्षा नव्हती. जुहर-असरला एक कोपरा आणि दहा मिनिटे द्या, एवढे आम्ही मागितले. संचालकांनी ते आनंदाने मान्य केले. दहाव्या वर्षापासून मुलांची अंथरुणे वेगळी करा, अशीही शिकवण आहे. केबिनमध्ये प्रत्येकाची फळी वेगळी, तिथे तर प्रश्नच नव्हता. रात्री केबिनमध्ये किती मोठी माणसे असतात, एकट्या मुलाबरोबर एकटा मोठा माणूस राहू नये असा नियम आहे का, कर्मचाऱ्यांची पूर्वतपासणी होते का, हेही विचारले. हे प्रश्न शिबिर कोणत्याही धर्माचे असो, विचारायचेच. मशिदीचे शिबिर असले तरी.

मग खरा प्रश्न विचारला. संध्याकाळी काय शिकवता?

ते म्हणाले, रोज सकाळी बायबलचा पाठ, रात्री चॅपल. शेवटच्या रात्री शेकोटीपाशी मुलांना आवाहन करतो, ज्यांना येशूला आपला तारणहार म्हणून हृदयात घ्यायचे आहे त्यांनी पुढे यावे. तुमच्या मुलावर कोणी जबरदस्ती करणार नाही. पण त्याला बाजूला बसवणेही आम्हाला योग्य वाटत नाही, कारण ही सुवार्ता सगळ्या मुलांसाठी आहे असे आम्ही मानतो.

या उत्तराचा आम्ही आदर करतो. गोडगोड बोलून, मग वेगळेच करणाऱ्यापेक्षा असा माणूस बरा.

घरी मुलाशी बोललो. त्याने विचारले, “ईसा (अ.) तर आपलेही आहेत ना? मग त्यांची गाणी म्हटली तर काय बिघडलं?”

वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक समजू नका. कुरआनात प्रेषित ईसा (अ.) यांचे नाव सुमारे पंचवीस वेळा आले आहे. हजरत मरियम (अ.) यांच्या नावाची आख्खी सूरह आहे आणि कुरआनात नावाने उल्लेख झालेल्या त्या एकमेव स्त्री आहेत. पित्याशिवाय झालेला त्यांचा जन्म आपण मानतो, त्यांचे चमत्कार मानतो. एखाद्या ज्यू किंवा नास्तिक घरातल्या मुलाला चॅपलमधले वातावरण परके वाटेल. आपल्या मुलाला ते जवळपास घरचे वाटते आणि अवघड काय ते नेमके हेच. नावे तीच, गोष्टीही बऱ्याचशा त्याच. फरक एका ठिकाणी येतो आणि तिथे तो पुरता येतो. आपल्यासाठी ईसा (अ.) अल्लाहचे दास आणि प्रेषित आहेत, त्यांच्यासाठी ते ईश्वराचा पुत्र आहेत, सुळावर गेलेले आणि सगळ्यांच्या पापांची भरपाई केलेले. नऊ वर्षांचे मूल हा फरक पाठ म्हणू शकते. पण रात्री दहाला, घराची आठवण येत असताना, मित्र रडत रडत पुढे चालला असताना आणि ज्याने दिवसभर पोहायला शिकवले तो आवडता दादा शेजारी उभा असताना, त्या मुलाने हा फरक एकट्याने सांभाळावा, ही अपेक्षा आम्हाला जड वाटली.

आम्ही त्याला हबशाच्या हिजरतीची हकिगत सांगितली. इ.स. 615 च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळलेल्या मुस्लिमांना प्रेषितांनी एका ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला पाठवले. दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरियममधल्या आयती ऐकवल्या तेव्हा नजाशीचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांना ईसा (अ.) बद्दल अडचणीत पकडण्यासाठी पुन्हा बोलावले गेले, तेव्हाही त्यांनी जे मानतो ते तसेच सांगितले. ख्रिस्ती माणसांच्या छायेत राहायला आपली ना नव्हती, आजही नाही. पण जाफर (रजि.) प्रौढ होते, त्यांच्याबरोबर सोबती होते आणि आपले म्हणणे मांडायला त्यांना दरबारात जागा मिळाली होती. शेकोटीपाशी नऊ वर्षांच्या मुलाला यातले काय मिळणार?

आम्ही नाही म्हटले. शेजारच्या बाईंना जाऊन सांगितले, फोनवर नाही. कारणही खरे ते सांगितले: तुमच्या शिबिरात जे सर्वांत महत्त्वाचे आहे, त्याला आमच्या घरात दुसरे उत्तर आहे आणि त्यासाठी तो अजून लहान आहे. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, तुमच्या मशिदीच्या शिबिराला माझा मुलगा बोलावलात तर मलाही असाच विचार करावा लागेल.

त्याच जुलैत मुलाला आम्ही दुसऱ्या एका निवासी शिबिराला पाठवले. त्याची मुळेही ख्रिस्ती, पण तिथे आता जेवणापूर्वी आभाराचे चार शब्द म्हणतात आणि रविवारची प्रार्थना ज्याला हवी त्याच्यासाठी. काही भाऊबंदांना हेही पटले नाही. त्यांचे म्हणणे, इथे मुस्लिम संस्थांची शिबिरे आहेत, तिथेच पाठवा. म्हणणे चुकीचे नाही. थोरल्या मुलीला आम्ही तिथे पाठवतो आणि ती तिथून कुरआनच्या सूरह आणि पुष्कळ मैत्रिणी घेऊन येते. पण धाकट्याला शाळेत, मैदानावर, पुढे नोकरीत ज्यांच्यात जन्म काढायचा आहे, त्यांच्यात चार दिवस मुस्लिम म्हणून ओळख देऊन राहण्याचा सरावही कुठेतरी व्हायला हवा. तो घरच्या छपराखाली होत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचे पत्र आले. त्यात तळ्याचे पाणी गार आहे, डास फार आहेत आणि केबिनमधल्या दोन मुलांना त्याचे मार्शमेलो जास्त आवडले, आणखी पाठवा, एवढेच होते. नमाजचा शब्द नव्हता. परतल्यावर विचारले तेव्हा म्हणाला, पहिले दोन दिवस पढली, मग एकदा राहिली, मग केबिनमधल्या एका मुलाने आठवण केली.

कोणते मूल कधी तयार होते, याला वयाचा एकच आकडा नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात दहा वर्षांची मुलगी चर्चच्या शिबिराला जाऊन आली आणि चॅपलमधल्या प्रत्येक गोष्टीवर घरी येऊन आईशी वाद घातला. तिला पाठवणे त्या घराला साधले, कारण तिथे रोज जेवताना असे वाद होतात. ज्या घरात धर्माबद्दल मूल प्रश्न विचारायलाच भिते, त्या घराने मुलाला कोणत्याही शिबिराला पाठवण्यापूर्वी आधी तेवढी मोकळीक घरात आणलेली बरी. महाराष्ट्रातही आता मे महिन्यात पाचगणी-लोणावळ्याकडे निवासी शिबिरे भरतात, ख्रिस्ती संस्थांची आणि इतरांचीही. माहितीपत्रकावरची तळ्याची छायाचित्रे बघून नाव नोंदवू नका. दिवसाचे वेळापत्रक मागा आणि त्यात संध्याकाळी सात ते दहा काय आहे ते वाचा.

शेजारचा मुलगा यंदाही त्याच शिबिराला चालला आहे. आमचा विचारतो, मी कधी? तेरा-चौदाचा झालास की पुन्हा बोलू, असे आम्ही सांगितले आहे. त्याने ते वर्ष स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवले आहे.